केस कोणावर गेले

“आजी माझ्या डोक्याला हातच लावत नाही,” माझी पाच वर्षांची गंधाली म्हणाली, आणि माझ्या तळहातावरचं बदामाचं तेल मनगटाकडे ओघळलं. तीनच थेंब असतात ते. रविवारची सकाळ, अंधेरीतल्या आमच्या घरातली हातभर बाथरूम, ती प्लास्टिकच्या स्टुलावर ओल्या केसांनी पाठ करून बसलेली आणि मी मागे उपड्या बादलीवर. केसांचे चार भाग करून त्यातल्या तिन्हींना क्लिपा लावून झाल्या होत्या, चौथा माझ्या हातात होता. ‘आज डब्यात भेंडी होती’ हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात तिने हे सांगितलं. “लावत नाही म्हणजे?” मी विचारलं. “म्हणजे नाही लावत. केस रतनताई बांधते.” “मग आजी काय करते?” “आजी भरवते. गोष्ट सांगते. पाठ खाजवते.” मग बोटं मोजून जरा विचार करून म्हणाली, “डोकं सोडून सगळं करते.” मी चौथा भाग पुरा केला, क्लिप लावली, जुन्या टी-शर्टमध्ये तिचं डोकं गुंडाळलं आणि तिला बाहेर सोडलं. बादलीवरून मात्र उठले नाही.

मी लक्ष ठेवणारी बाई आहे. हे कौतुकाने सांगत नाही, हा एक त्रास आहे. गंधालीच्या अंगावर डास किती ठिकाणी चावलाय ते मला पाठ असतं. डब्यात पोळीचा किती तुकडा उरला यावरून तिला शाळेत कुणी ढकललं का हे मी ओळखते, निदान ओळखलं असं मला वाटतं. डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा जास्त झिजतो म्हणून मी तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलंय. ते हसले होते. रोज साडेबाराला शाळेच्या व्हॅनमधून ती जोगेश्वरीला सासूबाईंकडे उतरते, आणि साडेसहाला मी घाटकोपरच्या ऑफिसातून मेट्रोने परतले की रिक्षा करून तिला आणायला जाते. मधल्या सहा तासांचा हिशेब मी रिक्षात बसल्या बसल्या तिच्याकडून काढून घेते. काय खाल्लं, किती झोपलीस, कोण आलं होतं. आणि एवढं करून, घरून मी खाली बांधून दिलेले केस संध्याकाळी वर बांधलेले दिसत होते, तर ते आजीनेच बांधले असणार हे मी धरून चालले होते. असं किती दिवस चाललं होतं? की महिने? की मला आठवतच नव्हतं, सासूबाईंचा हात तिच्या केसांत शेवटचा कधी बघितला ते?

तिच्या केसांचा तर मी परीक्षेसारखा अभ्यास केलाय. बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती, तिचा उपयोग आयुष्यात एवढाच झाला. तेलाने केसांना ओलावा मिळतो असं सगळे समजतात. ओलावा पाण्याचा, तेल फक्त मागून दार लावून घेतं. म्हणून कुरळ्या केसांना तेल कोरडेपणी चोपडून उपयोग नाही, आधी केस ओले हवेत. खोबरेल केसाच्या आत शिरतं, तेव्हा ते धुण्याआधी तासभर. धुतल्यावर लावलं तर गंधालीचे केस खराट्याच्या काड्यांसारखे ताठ होतात, दुसऱ्या कुणाचे होत नसतीलही. एरंडेल चिकट, ते एकटं कधी नाही, दोन चमचे खोबरेलात पाव चमचा आणि तेही नुसतं टोकांना. ऑलिव्ह लावून पाहिलं तर दोन दिवस उशीला लोणच्याच्या बरणीसारखा वास. एक आर्गनचं तेल म्हणून महागडी बाटली घेतली होती, घरी आणून भिंगाने मागची यादी वाचली तर पहिलं नाव सिलिकॉनचं आणि आर्गन शेवटून दुसरं. शेवटी बदामावर स्थिरावले. तीन थेंब हातावर चोळायचे आणि केस टोकाकडून वर मुठीत दाबत जायचे, पिळायचे नाहीत. नवं तेल आधी कानामागे लावून दोन दिवस थांबायचं. ऑक्टोबरात तेल कमी, डिसेंबरात जास्त. नितेश म्हणतो, “किचनमध्ये एक तेल आणि हिच्या डोक्याला पाच. वाट लागली माझी.” तो चांगला नवरा आहे, असं बोलून बाटल्या ठेवायला त्यानेच भिंतीला फळी ठोकून दिली.

त्या फळीवर मालवणचं तेल नव्हतं. हे मला त्या रविवारी दुपारी भाजी परतताना लक्षात आलं. दर मे महिन्यात दादूकाका, म्हणजे नितेशचे चुलते, गावच्या घाण्यावरचं खोबरेल कॅन भरून आणतात, आणि सासूबाई त्यातलं अर्धं आम्हाला द्यायच्या. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं दिलं. मग बंद झालं. मला वाटलं, मी बाटलीतली तेलं वापरते हे त्यांनी पाहिलं आणि समजून घेतलं. बरंच वाटलं होतं तेव्हा. आता कढईसमोर उभी असताना ते बरं वाटणं आठवून मला कसंतरी झालं.

माणूस का हात लावत नाही? उवा नव्हत्या. गंधालीला दुसरं काही नव्हतं. किळस? पण तिची सर्दी त्या पदराने पुसतात, तिचं उष्टं खातात. मग जे उरत होतं त्याच्याकडे मी बराच वेळ पाठ करून होते. मागच्या वर्षीच्या गणपतीत सगळे जमले होते. गंधाली आरतीला पुढे उभी, डोक्यावर ते केसांचं टोपलं. दादूकाका टाळ खाली ठेवत म्हणाले, “नितेश, केस बघ तिचे. नक्की तुझीच ना रे?” सगळे खो-खो हसले. नितेश सर्वांत मोठ्याने हसला, “कोणाला माहीत काका, आपल्यात नाही, हिच्या घरात नाही, या नूडल्स आल्या कुठून!” मीसुद्धा हसले. सासूबाई हसल्या नव्हत्या. त्या निरांजनाची वात नीट करत राहिल्या, आणि ती वात नीटच होती. एवढं मी तेव्हा पाहिलं होतं, आणि वर्षभर कुठल्याशा कप्प्यात ठेवून दिलं होतं.

गंमत अशी, हसता हसता थांबून एका वाक्यात मी तो विषय संपवू शकले असते. कारण ते केस माझे आहेत. गंधालीचे केस हे केसागणिक, वळणागणिक माझे केस आहेत. माझ्या लहानपणी पार्ल्याच्या घरात दर रविवारी आई मला दोन गुडघ्यांत दाबून धरायची, आणि लाकडी फणीने कोरड्या केसांतून वरून खाली ओढायची. तिचे स्वतःचे केस सरळ, तिला हे प्रकरण कळायचंच नाही. “वाकडे केस आणि वाकडं डोकं, बापावर गेलीस,” ती म्हणायची, आणि बाबा, मधुकर, पेपरमागून म्हणायचे, “माझे गेले गं, आता तिचे राहू दे.” बाबांचे केस तोवर खरंच गेले होते, माझ्या लग्नात त्यांच्या डोक्यावर पुरावा म्हणून एक केस शिल्लक नव्हता. फणीचे दात मोडायचे, ते माझ्या केसांत राहायचे. शाळेत मला ‘झाडू’ म्हणायचे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शिकवणीचे पैसे साठवून मी स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये गेले, चार तास खुर्चीत बसले, डोळ्यांत ते औषध झोंबत होतं, आणि उठले तेव्हा आरशात एक दुसरीच मुलगी होती, जिच्या खांद्यावर केस नुसते पडत होते. मी रिक्षात मान हलवत घरी आले. तेव्हापासून दर आठ महिन्यांनी पार्लर, आणि मधल्या काळात मुळाशी जे उगवतं त्याच्यावर सकाळी उठल्याबरोबर दहा मिनिटं गरम मशीन. नितेशला ‘ट्रीटमेंट’ एवढा शब्द माहीत आहे. त्याला त्यापुढचं कळतं का, मला माहीत नाही. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि सासूबाई पहिल्यांदा पार्ल्याला आमच्या घरी आल्या होत्या तो दिवस. आम्ही दोघांनी लग्नाचं ठरवलंच होतं, घरच्यांची गाठ तेवढी बाकी होती. मिलमधून सुटलेल्या नवऱ्याच्या मागे दोन खोल्यांत संसार ओढलेली ही बाई आमच्या सोफ्याच्या अगदी कडेवर बसली होती, पार्ल्याच्या लोकांशी काय बोलावं ते न कळून. शेवटी त्यांनी हात पुढे करून माझी वेणी हातात घेतली आणि म्हणाल्या, “केस मात्र छान हा गो. पाण्यासारखे.” माझी आई पोह्यांच्या बशा ठेवत पटकन म्हणाली, “हो ना, जन्मापासून असेच.” कशाला म्हणाली? कुणी विचारलं नव्हतं. पण त्या बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं, आईलाही हायसं झालं, आणि मी, वेणी त्यांच्या हातात असताना, गप्प बसले. असं खोटं फार छोटं असतं. ते मोठं होईल असं त्याच्याकडे बघून वाटत नाही.

संध्याकाळी मी नितेशला सांगितलं. तो मॅच बघत होता. “अगं, वय झालं तिचं, हात दुखत असतील,” तो म्हणाला. मी म्हटलं, “पाठ खाजवताना दुखत नाहीत?” “मग विचार ना सरळ.” “तू विचार, तुझी आई आहे.” “मी काय विचारू? आई, तू नातीच्या डोक्याला हात का लावत नाहीस? यार रेवती, तू पण ना.” गणपतीतल्या वाक्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर तो म्हणाला असता, जोक होता. आणि तो जोकच होता. पण माझ्या मुलीकडे बघून तिच्या आजीच्या मनात, हे केस आल्यापासून साडेतीन-चार वर्षं, दुसरंच काही येत असेल, आणि ते एका वाक्यात पुसणं माझ्या हातात असून मी केसांपायी गप्प असेन, तर मग मी कोण होते?

पुढचा आठवडा मी लवकर निघून बघितलं. सोमवारी सव्वासहा, बुधवारी सहा. दार उघडंच असायचं. एकदा गंधाली त्यांच्या मांडीवर झोपली होती. सासूबाईंचा एक हात तिच्या पायावर होता, दुसरा तिच्या पोटावर, आणि तिच्या डोक्याखाली त्यांनी घडी केलेली साडी ठेवली होती. डोकं मांडीला टेकू नये म्हणून, असं मला वाटलं. पंख्याच्या वाऱ्याने तिचे केस गालावर येत होते. त्या तोंडाने फुंकर घालून ते बाजूला करत होत्या. पुन्हा येत, पुन्हा फुंकर. हे बघून मी उंबऱ्यावर चपला न काढता उभी राहिले. ज्याचा संशय असतो त्याच्यावर कुणी फुंकर घालतं का?

शनिवारी मी सुट्टी घेतली आणि दोन वाजताच जोगेश्वरीला गेले. गंधाली बाहेर कॉमन पॅसेजमध्ये रतनच्या चटईवर चित्रं रंगवत होती. रतन शेजारची, बारावीला आहे. सासूबाई आत ओट्याखाली पाट टाकून लसूण सोलत होत्या. “आज लवकरशी?” त्या म्हणाल्या. मी समोर खाली बसले. फार तयारी करून आले होते, त्यातलं काही आठवेना.

“आई, एक विचारू? तुम्ही गंधालीच्या केसांना हात का लावत नाही?”

“रतन बांधता मा केस.”

“रतन बांधते. पण तुम्ही का नाही?”

त्यांनी एक पाकळी सोलली. मग विचारलं, “पोरगी बोलली? तिका वाईट वाटता?”

“तिचं सोडा. आई, तुमच्या मनात काही शंका आहे का?”

“कसली शंका?”

“ती कोणावर गेली, याची.”

त्यांनी वर पाहिलं. त्यांना माझा प्रश्न पोचला होता की नाही, कुणास ठाऊक. “शंका कित्याक?” त्या म्हणाल्या. “माका ठावक आसा ता कोणामुळे झाला.”

मी विचारलं, “कोणामुळे?”

“माझ्यामुळे.”

आणि मग त्या लसणाकडे बघत सांगायला लागल्या, जसं काही दुकानातून काय काय आणलं ते सांगत असाव्यात. “तू बाळंतीण होतंस, मी पार्ल्याक येय होतंय, आठवता? डॉक्टर बोललो, टाळूर तेल घालूचा नाय. तू माका तसा सांगलंस. मी घातलंय. तू आंघोळीक गेलंस काय मी टाळू भरी. गावचा तेल, कापसान. आमच्यात पोराची टाळू तेलान भरल्याशिवाय कोण ठेवता? नितेशाची भरलेली, सगळ्यांची भरलेली. मगे एक दिवस तू बघितलंस. काय बोललंस ता आठवता तुका?”

आठवत होतं. दूध पाजताना फोनवर मी काय काय वाचायची. त्या दिवशी केस टॉवेलात बांधून बाहेर आले तर त्यांच्या हातात तेलाचा कापूस. मी ओरडले नव्हते, मी ओरडत नाही. मी हळू आवाजात म्हटलं होतं, ‘तिला काही झालं ना आई, तर ते तिला आयुष्यभर भोगावं लागेल. तुम्हाला कळतंय का?’

“आयुष्यभर भोगूचा लागात, असा बोललंस,” त्या म्हणाल्या. “तेव्हा केस सरळ होते तिचे. काळे, सरळ. जावळ काढला, आणि मगे इले ते असले. मोडल्यासारे. आमच्यात कोणाचे नाय, तुमच्यात कोणाचे नाय. मग कशान झाला? घाण्याचा कच्चा तेल, टाळूक उष्ण पडला. मी समाजलंय. कोणाक बोललंय नाय. दादू हसता, नितेश हसता, मी काय हसू? पोरीचा मीच करून ठेवलंय. तवापासून नको म्हटला. आपलो हात नको तिच्या डोक्याक. आणि काय झाला तर?”

मी आधी केमिस्ट्रीच सांगितली. “तेलाने असं होत नाही, आई. कुठल्याच तेलाने नाही. सरळ केस कुरळे होत नाहीत तेलाने. आणि लहान मुलांचे पहिले केस वेगळे असतात, नंतर येतात ते खरे. मुळातच ज्याचे जसे असतील तसे.”

“मुळात कोणाचे?” त्या म्हणाल्या.

शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत. अर्धं खरं इतकं नीट मांडता येतं, की पुढचा प्रश्न आलाच नसता तर मी तिथेच थांबले असते, हे मला आजही माहीत आहे.

“माझे,” मी म्हटलं.

“कायतरीच. माझी समजूत घालू नको.”

मी क्लिप काढली, वळले, आणि त्यांच्याकडे पाठ करून सरकत त्यांच्या गुडघ्यांशी गेले. “मानेवर, खालून हात घाला. तिथे मशीन पोचत नाही.” त्यांनी हात घातला नाही. बाहेर गंधाली रतनला म्हणत होती, हत्ती गुलाबी असतो, मी बघितलाय. मग लसणाचा वास आणि दोन ओली बोटं माझ्या मानेला लागली. ती वर चढली, थांबली. त्यांनी एक केस चिमटीत धरून ताणला आणि सोडला. तो परत गोळा झालेला मला मानेवर कळला. पुन्हा ताणला, पुन्हा सोडला.

“ह्ये कधीपासून?”

“पहिल्यापासून. गरम करून सरळ करते मी. कॉलेजपासून.”

“लग्नात?”

“तेव्हाही.”

“तुझी आवस बोललेली, जन्मापासून अशेच.”

“आई खोटं बोलली. आणि मी गप्प बसले.”

“आणि बाळंतपणात? रोज बघी होतंय मी तुका.”

“कान बांधलेले असायचे ना, आई. वारा लागू नये म्हणून. तुम्हीच फडकं बांधायचात.”

बोटं माझ्या मानेवरून निघाली. मी वळले नाही. मला वाटलं रडतील, किंवा डोक्यावरून हात फिरवतील. अशा वेळी जे होतं असं आपण वाचलेलं असतं ते. त्या म्हणाल्या, “साडेतीन वर्सां,” आणि पुन्हा, “साडेतीन वर्सां गो, रेवती.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“आई, माझं चुकलं—”

“ऊठ थंयसून.”

“आई...”

“ऊठ म्हटलंय ना. तुझा मगे बघतंय.”

मी उठले. त्यांनी मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, वास घेऊन बघितले, पुन्हा धुतले. ओट्याखालून तेलाचा कॅन ओढला. “गंधाली! हय ये.” ती पॅसेजमधून आली, हातात गुलाबी खडू, त्यांनी पाटाकडे बोट दाखवलं तशी बसली आणि मान वर करून म्हणाली, “आजी, तू लावणार?” “मगे कोण लावतली? तुझी आवस?” त्यांनी रतनचा रबर काढून फेकला, तळहातात तेल ओतलं, भरपूर, आणि टाळूवर थापलं. कोरडे केस, भर दुपार, धुवायचे नसताना खोबरेल, आणि फणी तर बारीक दातांची. गंधाली “आऊ” म्हणाली आणि हसली. मी भिंतीला टेकून उभी होते. मला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

“नितेशाक आज सांग,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “मी सांगूचंय नाय.”

“हो.”

“आणि तुझ्या आवशीक फोन लाव. माका बोलूचा आसा.”

“आई, मी बोलते ना तिच्याशी घरी जाऊन, तुम्ही आत्ता...”

“लाव.”

मी लावला. तिसऱ्या रिंगला आईने उचलला. “बोल गं, आज ऑफिस नाही वाटतं?” मागे पार्ल्याच्या घरातला टीव्ही, बाबांचा खोकला. “आईंना तुझ्याशी बोलायचंय,” मी म्हटलं. “कुणाला? सुनंदाताईंना? का गं, काय झालं?” मी पाटाशी जाऊन वाकले आणि फोन सासूबाईंच्या कानाशी धरून उभी राहिले, कारण त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत गंधालीच्या केसांत होते.